मऊ करणारी लेन्स

निळी नवरी पहिल्यांदा पाहिली ती काकूंनी.

लॅबमधून फोटो छापून आले होते आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्या ते अल्बमच्या क्रमाने लावत होत्या. पंधरा-वीस फोटो लावून झाल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नवरीत काही फरक पडला नाही. ती निळसरच राहिली, आणि वाफ धरलेल्या काचेमागे उभी असावी तशी पुसट.

"अहो, हिला कुणी निळीच्या बादलीत बुडवून काढलंय का?"

"इफेक्ट आहे तो," खिडकीशी बसलेले काका म्हणाले.

"कसला?"

"स्वप्नाचा."

"कुणाच्या? पाण्यात बुडणाऱ्याच्या?"

काका उठले. ते टेबलाशी आले, त्यांनी एक फोटो नाकाजवळ नेला, मग हात लांब करून धरला. निळा रंग त्यांना दिसत नव्हता. त्यांच्या मते रंग अगदी बरोबर होता. पण स्टेजच्या मागच्या खांबावरची फुलं नीट मोजता येत होती आणि नवरीचे डोळे कुठे आहेत ते शोधावं लागत होतं, हे त्यांनाही नाकारता येईना.

चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढणाऱ्या या माणसाला सगळे हसाकाका म्हणत. ते हसतमुख होते म्हणून नव्हे. त्यांना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. कॅमेऱ्यामागून ते दिवसातून शंभरदा "हसा" म्हणत, तेही अशा आवाजात, की समोरच्याला वाटावं, घरून काही वाईट बातमी आली आहे. गेली दोन वर्षं तर ते फारच खचले होते. जग मळत चाललंय, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. दिव्यांना पूर्वीसारखा उजेड राहिला नाही, वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात, आणि पांढरा रंग म्हणून जो विकतात तो पिवळा असतो, असं ते भेटेल त्याला सांगत. ऐकणारा मान हलवी, कारण जगाबद्दल कुणी असं म्हटलं तर सहसा कुणी वाद घालत नाही.

आणि ही नवरी काही अशीतशी नव्हती. वर्षाची असताना तिला स्टुडिओत आणलं होतं. काकांनी खुळखुळा वाजवला, डोक्यावर फुलदाणी ठेवली, शेवटी टेबलाखाली शिरून मांजराचा आवाज काढला. पोरगी रडतच राहिली. तो रडका फोटो इतका झकास आला, की स्टुडिओच्या दर्शनी काचेत तो गेली अठ्ठावीस वर्षं लावलेला होता. गल्लीने तिचं नाव रडूबाई ठेवलं. तेव्हाच काकांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता, की हिच्या लग्नात हिचा हसरा फोटो काढीन आणि याच्या शेजारी लावीन. वडील आता नव्हते. शब्द होता. आणि टेबलावर पसरलेल्या चारशे बारा फोटोंमध्ये तो एक फोटो नव्हता.

"हे काम नासलं असेल," काका म्हणाले, "तर मी कॅमेरा कपाटात ठेवीन आणि किल्ली तुझ्याकडे देईन."

"आधी जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

सगळा घोटाळा त्या खास लेन्समुळे झाला, याबद्दल काकांना शंका नव्हती. नवरीच्या आत्याबाईंनी लग्नाआधी बजावलं होतं, "भाऊ, हल्ली सगळ्यांचे फोटो कसे स्वप्नातल्यासारखे असतात. तसेच पाहिजेत." म्हणून त्यांनी एका निवृत्त फोटोग्राफरकडून ती जुनी लेन्स मिळवली होती. साधी लेन्स आपला नेम आपणच धरते. बटण अर्धं दाबलं की ती घर्र करते, टीक वाजतं आणि समोरचा माणूस स्पष्ट होतो. माणूस चौकटीत आहे ना, एवढंच आपण बघायचं. ही लेन्स जुन्या वळणाची. हिला हाताने फिरवून, डोळ्याने बघून स्पष्ट करावं लागे. शिवाय पुढे शून्य ते पाच आकड्यांचं एक जादा कडं होतं. शून्यावर ठेवलं की साधा फोटो. जसजसं पाचाकडे न्यावं तसतशी चेहऱ्याभोवती साय धरल्यासारखी दिसे, आणि माणूस मऊ होत जाई. काकांनी ते दोनावर ठेवलं होतं. लेन्सने बहुधा आठ समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते लेन्स घेऊन कॅमेऱ्याच्या मेकॅनिककडे गेले. त्याने डोळ्याला भिंग चिकटवून ती उघडली आणि बराच वेळ आत पाहत बसला.

"काका, कडं नुसतं वरच्या वर फिरतंय. आतला स्क्रू कधीचाच निखळलाय. आतलं भिंग शून्यावर अडकून बसलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ही लेन्स काहीही मऊ करत नाही. आता करत नाही आणि तुमच्या लग्नातही केलेलं नाही."

"माझ्या लग्नात नाही रे, त्या पोरीच्या."

"तेच ते." त्याने लेन्स काकांच्याच कॅमेऱ्याला लावली, भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. काट्यावरची धूळसुद्धा दिसत होती. "बघा. चाबूक लेन्स आहे. हिला काही झालेलं नाही."

ज्याला काही झालेलं होतं तो माणूस लेन्स पिशवीत घालून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "लेन्सच बिघडलीय."

संध्याकाळी आत्याबाई आल्या. काका आतल्या खोलीत जाऊन लपण्याच्या विचारात होते, पण आत्याबाईंनी दारातूनच फोटो हेरले. एक उचलला, दुसरा उचलला. काका भिंतीकडे बघत शिक्षेची वाट पाहू लागले.

"अगंबाई," आत्याबाई म्हणाल्या. "ही मी?"

"माफ करा—"

"माफ कसलं करायचं! सुरकुती म्हणून औषधाला दिसत नाहीये. गळ्यावरचं सगळं गेलं! आणि हा रंग किती शांत, चांदण्यातला वाटतोय. भाऊ, ही कुठली हो लेन्स?"

"मऊ करणारी," काका मेल्या आवाजात म्हणाले.

त्यांनी तेवढं म्हणायला नको होतं. आठवड्याभरात त्या घरच्या दोन मावश्या, एक मामी आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई अशा चार जणींनी फोटोसाठी दिवस ठरवले. सगळ्यांची अट एकच होती: "ती लेन्स लावूनच." आत्याबाईंनी तर स्वतःसाठी अख्खी सकाळ राखून ठेवली. जी लेन्स काहीच करत नव्हती, तिच्या नावाने लोक रांग लावत होते. स्तुतीने इतका खचलेला माणूस काकूंनी आजवर पाहिला नव्हता.

"आता काय झालं? आवडले ना सगळ्यांना?"

"तेच तर," म्हणून काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आवडलेला फोटो आपण कसा काढला हे ज्याला ठाऊक नाही, तो फोटोग्राफर कसला?

रविवारी स्वतः रडूबाई आली. ती आता डोळ्यांची डॉक्टर होती. तिने खुर्ची ओढली, सगळा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि फोटोंचे दोन ढीग करायला लागली. एकात सगळे स्पष्ट फोटो, दुसऱ्यात पुसट.

"हे स्पष्टवाले साध्या लेन्सने, टीक वाजणाऱ्या. हो ना?"

"हो."

"आणि हे हाताने फिरवून."

"हो. लेन्स जरा..."

"काका, तुम्ही कॅमेऱ्याला उजवा डोळा लावता ना?"

काकांना एकदम बसावंसं वाटलं आणि ते बसले.

"दिव्यांभोवती कडी दिसतात? पांढरं पिवळट दिसतं?"

"ते सगळ्यांनाच दिसतं! हल्ली रंगच तसे बनवतात!"

"मला नाही दिसत. काकूंनाही नाही." ती काकांशी तशाच शांतपणे बोलत होती, जसे ते एके काळी तिच्यासमोर खुळखुळा धरून बोलले असतील. "तुम्हाला मी पिवळी दिसले, म्हणून तुम्ही संगणकावर पिवळा काढत गेलात, काढत गेलात, आणि मी निळी झाले. दोन वर्षं ती टीक वाजणारी लेन्स तुमच्या वतीने बघत होती. या लेन्सने फक्त तुम्हालाच बघायला सांगितलं. काका, हा अल्बम नाहीये. हा तुमचा रिपोर्ट आहे. चारशे बारा पानांचा. मोतीबिंदू चांगला पिकलाय."

काकांनी पुसट ढिगातला वरचा फोटो उचलला. मग ते म्हणाले, "तुझा हसरा फोटो राहिला गं."

"राहिला नाहीये. अजून काढायचाय. आधी तुमची लेन्स बदलू."

"लेन्सचं नाव काढू नकोस माझ्यापुढे."

"डोळ्यातली म्हणतेय मी. जुनी काढायची, नवी बसवायची."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण चाळीस वर्षांची सवय त्याहून जुनी होती. "कुठली बसवणार? टीक वाजणारी?"

"नाही. एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी."

"म्हणजे जुन्या वळणाची. बरी. सेकंडहँड नाही ना?"

"नाही हो, काका!"

"नाही आवडली तर परत घेतात?"

"नाही."

"मग जरा विचार करू दे."

"गुरुवारी सकाळी घेऊन येते मी यांना," काकू म्हणाल्या, आणि विचार तिथेच संपला.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काकांनी डोळा किलकिला केला. खिडकीचा पडदा पांढरा होता. पांढरा म्हणजे पांढरा. इतकी वर्षं दोष दिलेल्या रंगवाल्यांची त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"सहा वर्षं झाली."

"बोलली नाहीस?"

"डोक्यावर होते. बोलायचं काय त्यात?" असं म्हणून काकूंनी नाक पुसायला तोंड फिरवलं, आणि तेसुद्धा काकांना अगदी स्पष्ट दिसलं.

पुढच्या महिन्यात तपासणीला जाताना त्यांनी कॅमेरा नेला आणि मुद्दाम तीच हाताने फिरवायची लेन्स लावली. "डॉक्टर, खिडकीशी उभी राहा. हसा," ते आपल्या ठेवणीतल्या सुतकी आवाजात म्हणाले. रडूबाईला त्या आवाजाचंच हसू फुटलं. काकांनी लेन्स फिरवली, तिच्या पापण्या एकेक करून वेगळ्या झाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं. तो फोटो त्याच संध्याकाळी दर्शनी काचेत रडक्या फोटोशेजारी लागला. किल्लीचा विषय काकूंनी परत काढला नाही.

पण आत्याबाईंची सकाळ उरली होती. त्या तयार होऊन, दागिने घालून आल्या आणि तासभर बसल्या. काकांनी जीव ओतून फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. आत्याबाईंचा चेहरा पडला. तोही पडद्यावरच्या चेहऱ्याइतकाच स्पष्ट पडला.

"ही कोण म्हातारी?"

"तुम्हीच."

"मी नाही! अहो, ती लेन्स लावा ना, मऊ करणारी!"

काकांनी खोटं बोलायचं सोडलं होतं. "ती आता माझ्याकडे नाही, ताई. तुमच्याच भाचीने काढून घेतली."

आत्याबाई तडक उठल्या, पर्स उचलली आणि गेल्या. तासाभराने स्टुडिओतला फोन वाजला.

"काका," पलीकडून डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या दवाखान्यात बसलीय. तुमची जुनी लेन्स मागतेय. परत बसवून दे म्हणते."

"सांग, टाकून दिली."

"सांगितलं. मोठ्याने रडतेय. सगळे पेशंट बघताहेत. काय करू?"

काकांनी काचेतल्या रडक्या फोटोकडे पाहिलं. खुळखुळा, फुलदाणी आणि मांजराचा आवाज, सगळं त्यांना आठवलं.

"काही उपयोग होत नाही," ते म्हणाले. "रडू दे. फोटो काढून ठेव."