पट्टेवाल्याची हद्द

"आजोबा, निळा कुठंय?"

मोजणीसाहेबांनी काचेच्या टाकीजवळ धरलेला फोन हळूच जरा बाजूला केला. "झोपलाय."

"आणि पिवळा?"

"तोही झोपलाय."

"आणि ते बारके बारके होते ते?"

"ते तर लवकरच झोपतात."

फोनमधल्या नातीने डोळे बारीक केले. वय चार वर्षांचं, पण उलटतपासणी वकिलाची. "मग हा एकटाच का जागा आहे?"

'हा' म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, तळहाताएवढा मासा. तो टाकीच्या मधोमध, मातीच्या छोट्या घरापुढे, तृप्त चेहऱ्याने तरंगत होता. त्याच्या पोटात कोण कोण झोपलं आहे हे मोजणीसाहेबांना चांगलं ठाऊक होतं.

"त्याची आज राखण आहे," ते म्हणाले.

"रविवारी आम्ही येऊ ना, तेव्हा सगळ्यांना उठवून ठेवा," नातीने बजावलं आणि फोन आईकडे न देताच बंद करून टाकला.

मोजणीसाहेबांचा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात आणि हद्दीच्या खुणा रोवण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी इमारतीत सगळे त्यांना मोजणीसाहेबच म्हणत. बायको गेल्यापासून मात्र हाक मारायला फारसं कोणी उरलं नव्हतं. घर तिने लावलं होतं तसंच होतं. खिडकीशी दोन वेताच्या खुर्च्या, एक त्यांची, एक तिची. रोज सकाळी ते दोन्ही खुर्च्या पुसत आणि एकीत बसत.

मागच्या खेपेला लेक आणि नात आठवडाभर राहायला म्हणून आल्या आणि तिसऱ्या दिवशी गेल्या. तसं घडलं काहीच नव्हतं. नात खेळता खेळता त्या दुसऱ्या खुर्चीत चढून बसली आणि मोजणीसाहेब म्हणाले, "तिथं नाही बसायचं." पण ते म्हणाले त्या आवाजात, ज्या आवाजाने पूर्वी कुंपणावर बसलेली माणसं खाली उतरत. पोरगी रडली नाही. गुपचूप उतरली आणि त्या दिवशी घरात कुठेच बसली नाही, जेवलीसुद्धा आईच्या खांद्याला टेकून उभ्याने. मग लेकीला अचानक ऑफिसातून बोलावणं आलं. बोलावणं आल्याचा फोन काही वाजलेला त्यांनी ऐकला नव्हता.

त्यानंतर लेकीचे फोन येत. "जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतलीत?" "घेतली." मग दोन्हीकडे नुसतं शांत. अशाच एका शांततेत, तिने फोन ठेवू नये म्हणून, मोजणीसाहेब बोलून गेले, "मी मासे आणलेत पाळायला."

नातीने आईच्या हातातून फोन ओढून घेतला. "किती?"

"खूप," ते म्हणाले. फोन ठेवला, सदरा घातला आणि मासे आणायला गेले.

पाळायच्या माशांच्या दुकानात त्यांनी टाकी घेतली, रंगीत मासे घेतले आणि दुकानदाराला विचारलं, "एखादा जरा मोठा, पण शांत आहे का?"

"हा घ्या ना. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"मग याला बरणीत एकटा का ठेवलाय?"

"स्वभाव असतो हो एकेकाचा. एकांत आवडतो त्याला."

मोजणीसाहेबांना हे एकदम पटलं आणि तिथेच घोटाळा झाला. घरी आल्यावर त्या एकांतप्रिय माशाने पहिल्याच दिवशी मातीचं घर ताब्यात घेतलं आणि जो जवळून जाईल त्याला गिळलं. त्यांच्या कचेरीत मोठ्या साहेबांच्या दाराशी एक पट्टेवाला असे. साहेब रजेवर असले तरी तो कोणाला आत सोडत नसे. मोजणीसाहेबांनी माशाला त्याचंच नाव दिलं.

नातीच्या फोननंतर ते पुन्हा दुकानात गेले.

"लहान होते ना, त्याला खाऊ वाटला," दुकानदार म्हणाला. "त्याच्या मापाचे न्या."

म्हणून त्यांनी दोन गुबगुबीत सोनेरी मासे नेले. पट्टेवाल्याला ते गिळता आले नाहीत, एवढंच. त्याने त्यांना टाकीच्या कोपऱ्यात असं दाबून धरलं की दोघे एकमेकांच्या अंगावर कलंडून उभे राहिले.

"आरसा लावा काचेला," दुकानदार म्हणाला. "स्वतःशीच भांडत बसेल, इतरांना विसरेल."

मोजणीसाहेबांनी दाढीचा आरसा लावला. पट्टेवाला खरोखरच दिवसभर स्वतःवर धावून गेला. दमला, नि मग खायचंच बंद केलं. आरशासमोर कल्ले फुगवून नुसता थांबून राहिला. आरशात त्याच्या वर मोजणीसाहेबांचाही अर्धा चेहरा दिसत होता, जबडा आवळलेला, कोणी जवळ येतंय का म्हणून बघणारा. त्यांनी आरसा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दाढी आरशात न बघता अंदाजानेच केली आणि हनुवटी कापून घेतली.

"मग मध्ये जाळी घाला," दुकानदार म्हणाला, "आणि हनुवटीला कापसाने हे लावा."

जाळी हे मोजणीसाहेबांचं खास क्षेत्र. त्यांनी टाकी फूटपट्टीने मोजली, समान वाटणी केली, जाळी ओळंब्यात बसवली. सकाळी उठून बघतात तर पट्टेवाल्याने वाळू तोंडाने उचलून उचलून जाळीखालून भुयार काढलेलं, आणि तो पलीकडे जाऊन एका सोनेरी माशाची शेपटी कुरतडत होता. कुंपण सरकवणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण इतका मेहनती अतिक्रमक पहिलाच.

ते रागारागाने दुकानात गेले. "हा परत घ्या."

"घेतो की. पण नातीनं बघितलाय ना त्याला?"

कालच फोनवर तिने विचारलं होतं, "राखणवाला जेवला का?"

दुकानदाराने कान खाजवला. "मग एक करा. टाकीची मांडणी बदला. दगड इकडचे तिकडे करा, घर उलटं ठेवा, झाडं हलवा. त्याला वाटतं आपण नव्या गावात आलो. मालकी संपली. सगळेच नवे म्हटल्यावर भांडणार कशावरून?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"यात विकायला काही नव्हतं ना," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन मोजणीसाहेबांनी बाही वर केली आणि टाकीत हात घातला. पट्टेवाल्याने बोटाला दोनदा चावा घेतला. पण दगड हलले, झाडं हलली, घर दुसऱ्या टोकाला गेलं. मग पट्टेवाला निघाला. सरळ मधोमध आला, जिथे त्याचं दार होतं तिथे. दार नव्हतं. तो तिथेच थांबला. पुढे गेला, पुन्हा तिथेच आला. मोजणीसाहेबांना ते बघवेना. त्यांनी आपली खुर्ची ओढून टाकीजवळ नेली आणि त्याच्यासमोर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत पट्टेवाला एका दगडाच्या आडोशाला मुकाट विसावला आणि सोनेरी मासे त्याच्या नाकासमोरून निवांत हिंडू लागले.

त्या दिवशी त्यांनी आपणहून लेकीला फोन लावला. गोळीबद्दल तिने विचारायच्या आतच सगळं सांगून टाकलं. "आधी भांबावतो. मग शोध शोध शोधतो. मग समजतं त्याला, आणि दुसऱ्यांना जागा देतो."

"त्रास होत असेल ना हो बाबा त्याला?"

"होतो की. एखादा दिवस. कोणी जवळ बसलं तर बरं वाटतं."

"कोण बसलं होतं?"

"मी. दुसरं आहे कोण?"

"हं," लेक म्हणाली. पण बराच वेळ फोन ठेवला नाही.

रविवारी दोघी आल्या. लेकीने पिशवी दाराशी ठेवली, मागच्या खेपेला ठेवली होती तिथेच. नात धावत टाकीपाशी गेली आणि सोनेरी माशांकडे बघत राहिली.

"आजोबा, झोपून उठल्यावर रंग बदलतो?"

"झोप चांगली लागली की बदलतो."

"आणि असे जाडे होतात?"

"बाबा," लेक मध्येच म्हणाली, "माशांचं खाणं संपत आलंय ना? घेऊन या बरं. आणि सावकाश या, घाई नाही."

ते गेले. दुकानदाराला सगळी हकिकत ऐकवली, त्यात उशीर झाला. परत येऊन त्यांनी दार उघडलं आणि सवयीने सरळ खिडकीकडे गेले. खिडकीशी खुर्ची नव्हती. दुसरीही नव्हती. तिथे आता टेबल होतं. टेबलाच्या जागी कपाट होतं, पलंग फिरवलेला होता. माशांची टाकी तेवढी हलवता आली नव्हती. ते खोलीच्या पार टोकापर्यंत गेले, परत खिडकीशी आले आणि तिथेच उभे राहिले.

"हे कोणी…" तोच आवाज त्यांच्या गळ्याशी आला.

"आजोबा, ओरडू नका," नात म्हणाली. "तुम्ही नव्या गावात आलाय."

लेक कपाटाला पाठ लावून उभी होती. घामाघूम, केस विस्कटलेले, लहानपणी काच फुटल्यावर उभी राहायची तशी. "एखादा दिवस त्रास होईल, बाबा," ती म्हणाली. "मी बसेन ना जवळ."

मोजणीसाहेबांनी खोलीवर नजर फिरवली. एवढ्या वर्षांची सवय, डोळ्यांनी मोजून पाहिलं. एकही जुनी खूण जागेवर नव्हती. एक खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी होती, एक टाकीपाशी. दाराशी होती ती बायकोची. नात त्या खुर्चीजवळ उभी होती, बसली नव्हती.

"इथं बसू?" तिने विचारलं.

आतून काहीतरी हललं, जड सामान हलतं तसं. "बस," ते म्हणाले. "अजून मोजणी व्हायचीय."

ती चढून बसली आणि पाय हलवू लागली.

"आणि मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

नातीने सगळं घर नीट बघून घेतलं. "तुम्ही राखणवाल्याजवळ बसा. त्याला सोबत नाही."

मोजणीसाहेब मुकाट्याने जाऊन बसले. पट्टेवाला काचेपाशी आला, त्यांना न्याहाळलं आणि अंगावर न धावता तिथेच तरंगत राहिला. इथून घराचा दरवाजा दिसत होता. त्या दिवशी दाराकडे पाठ होती, म्हणून हे त्यांना पूर्वी कधी समजलंच नव्हतं. दाराशी आता पिशवी नव्हती. ती कुठल्या कपाटात रिकामी झाली, ते त्यांनी विचारलं नाही.