आपोआप पडणारी कडी

गॅलरीच्या दाराची कडी आपोआप पडते, हे किल्लीकाकांना त्या घरात राहायला आल्यापासून माहीत होतं. दार जरा जोरात लागलं की कडी आतून खटकन खाली. "उद्या बघतो," असं ते काकूंना वर्षानुवर्षं सांगत आले होते. गावभर लोकांची कुलपं उघडत फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाराकडे बघायला सवड कुठली?

मग टाळेबंदी आली. सगळेच घरात बसल्यामुळे कुणाची किल्लीच हरवेना, आणि काकांचा धंदा बसला. आता सवडच सवड होती. तरी काका म्हणाले, "दार कुठे पळून चाललंय?"

त्यांची मुलगी दूरच्या एका इस्पितळात नर्स होती. ड्यूटी बदलताना, संध्याकाळी, तिचा फोन यायचा, तोही दोन शब्दांपुरता. तेवढ्यावर दोघं म्हातारी दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरायची. घरात फोन एकच, आणि त्याला रेंज फक्त गॅलरीत. काकूंच्या कानातल्या मशीनचे सेल संपत आले होते आणि ते विकणारं दुकान बंद होतं. म्हणून काकू दिवसभर मशीन काढून ठेवत. फोन वाजला की काकांनी आत जाऊन हात हलवायचा, काकूंनी मशीन कानात घालायचं आणि दोघांनी बोलायचं, अशी व्यवस्था होती.

त्या संध्याकाळी काका फोन घेऊन गॅलरीत गेले. वारा आला. दार लागलं. खट्.

काकांनी आधी शांतपणे दार ढकललं. मग अशांतपणे ढकललं. कुलूप असतं तर त्यांनी साध्या तारेनं उघडलं असतं. पण कडी आतल्या बाजूला, आणि बाहेर बोट घालायलाही फट नाही.

"अगं, ऐकलंस का?" काका ओरडले. ऐकणार कोण? काकू स्वयंपाकघरात निवांत भांडी पुसत होत्या.

समोरच्या गॅलरीतला कॅशियर झाडांना पाणी घालत होता. "काय झालं काका?"

"अडकलोय! कडी पडली!"

"मग किल्लीवाल्याला बोलवा ना!" असं म्हणून कॅशियर क्षणभर थांबला. "अरे हो."

"मुलीचा फोन येईल रे आता. हिला बोलता आलं नाही तर रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही हिच्या."

कॅशियर गंभीर झाला. त्यानं हाका मारल्या. घसा बसल्यावर त्यानं जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हे बघून शेजारच्या गॅलरीतले बाहेर आले. इस्पितळातल्या लोकांसाठी पुन्हा टाळ्या वाजवायच्या ठरल्या असाव्यात आणि आपल्यालाच निरोप मिळाला नाही, असं वाटून तेही वाजवू लागले. बघता बघता अख्खी इमारत, समोरची इमारत, पलीकडची गल्ली, सगळे टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी ते विचारायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना तेवढं खरं काय ते कळलं होतं. त्यांनी झाडूचा दांडा घेतला आणि काकूंच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली छताला ठोकायला सुरुवात केली.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, एवढा आवाज कसला?"

"टाळ्या," काका म्हणाले.

"कुणासाठी?"

काका कडीबद्दल सांगणार होते. पण मुलीचा आवाज त्यांना निराळाच लागला, रडून झाल्यानंतरचा. "तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांसाठी."

"माझ्या वॉर्डातल्या एक आजी गेल्या आज," ती म्हणाली. "हात धरून बसले होते, तरी गेल्या. बाबा, फोन जरा बाहेर धरा ना. ऐकू दे."

काकांनी फोन कठड्याबाहेर धरला. दुसऱ्या हातानं डोळे पुसले. समोर कॅशियर बघत होता. त्याच्या टाळ्यांचा वेग वाढला.

खट्. दार उघडलं. पायाखाली बसणाऱ्या दणक्यांनी काकू उठून आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "घेतलीत वाटतं एकदाची कडी ठोकायला!"

काकांनी हात हलवला. काकूंनी मशीन घातलं. मायलेकी बोलल्या. फोन ठेवताना मुलीनं विचारलं, "बाबा, रोज वाजवतात टाळ्या?"

"रोज!" काका म्हणाले, आणि रात्रभर त्यांच्याच डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅशियर झाडांना पाणी घालत होता.

"काय काका, झाली कडी दुरुस्त?"

"नाही रे," काका घसा खाकरून म्हणाले. "आजही अडकलोय."

कॅशियरनं पाहिलं. काकांच्या मागे दार सताड उघडं होतं. उंबऱ्यातच खुर्ची टाकून काकू बसल्या होत्या, कानात मशीन घालून. काकांच्या हातात फोन होता.

कॅशियरनं पाण्याचा डबा खाली ठेवला आणि बाह्या वर सारल्या.

"अरेरे," तो म्हणाला. "म्हणजे वाजवायलाच हव्यात."