अण्णांचं पितळी झाकण

आमच्या शेजारचे मल्लिनाथअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी झाकणं बघतात, मग माणसं. लोणच्याची बरणी असो की थर्मास, झाकण फिरवून काढणार, डोळ्यांपाशी धरणार आणि म्हणणार, "आटे नोडरी, आटे! ह्याला काय आटे म्हणतेत?" 'नोडरी' म्हणजे 'बघा', आमच्या गल्लीत निम्मं कानडीच चालतं. पुतण्यासाठी मुलगी बघायला दुधनीला गेले, तिथं मुलीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि "हे काय खरं न्हाय" म्हणून मान हलवली. मुलीकडच्यांना वाटलं, मुलगीच नापसंत. लग्न जमलं, पण बरीच समजूत घालावी लागली.

सर्दी-खोकल्यावर वाफ घ्यायचा डबा अण्णा घरी बनवतात. शेगडीवर ठेवायचा डबा स्टीलचा, विकतचा. वरचं फिरकीचं पितळी झाकण आणि त्याची नळी मात्र त्यांच्या हातची. करवत, हातानं फिरवायचं ड्रिल आणि तिकोनी कानस, एवढीच हत्यारं. "लेथवर करून घ्या की," असं कुणी म्हटलं की चिडतात. "लेथ कुणाचं ऐकती व्हय? कानस कशी, विचारून विचारून कापती."

मी फारसा बोलत नाही. पण आता लपवण्यात अर्थ नाही. मला या माणसाचा हेवा वाटतो.

कारण माझे वडील. अप्पांची उमर सूतगिरणीत गेली. छातीत कापूस बसलाय. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असतात. मी बँकेतून आलो की विचारतात, "आलास?" मी म्हणतो, "आलो." झालं आमचं बोलणं. पण दर गुरुवारी अण्णांनी दिलेल्या डब्याचं झाकण गळायला लागतं, अप्पा अण्णांना हाक मारतात, अण्णा कानस घेऊन येतात आणि दोघं खिदळत बसतात. गिरणीचा भोंगा, कुणाचं तरी पट्ट्यात अडकलेलं धोतर... आत बसून मी ऐकतो. हे धोतर मला अप्पांनी कधीच सांगितलं नव्हतं.

मी मेडिकलमधून विजेचं मशीन आणलं. अप्पांनी एकदा हुंगून बाजूला ठेवलं. "वाफ येती, पण चव न्हाय."

मग मी एक केलं. चहाच्या टपरीवर सहज बोलल्यासारखं बोललो, "अण्णांची झाकणं आठ दिवसांची." गल्लीला तेवढं पुरलं. "काय अण्णा, आठ दिवसांची गॅरंटी का?" जगातल्या सगळ्या झाकणांना नावं ठेवणारा माणूस खाली बघून म्हणायचा, "व्हय, चुकतंय कुटंतरी." मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं.

परवा बुधवारी दुपारीच घरी आलो. अप्पा खिडकीपाशी पाठमोरे. हातात पितळी झाकण. नेलकटरच्या छोट्या कानशीनं ते आटे घासत होते, अगदी मन लावून. मध्येच झाकण उजेडात धरून बघत होते.

अप्पा संध्याकाळी आडवे झाल्यावर मी झाकण घेऊन अण्णांकडे गेलो. चोर तर पकडलाच होता.

"अण्णा, तुमचं काम पक्कं आहे. अप्पाच घासतेत."

अण्णांचा हात थांबला नाही. "ठाऊक हाय की. नेलकटरची खूण मला कळंना व्हय?"

"मग लोकांना सांगितलं का न्हाई? तुमी ऐकून घेताय नुसतं."

"सांगितलं असतं तर तुमच्या अप्पांना घासायची लाज वाटली असती. झाकण टिकलं असतं." त्यांनी पितळाचा भुगा फुंकला. मागं फळीवर अण्णांच्या बायकोच्या, गेलेल्या काकूंच्या, वेळच्या बरण्या होत्या, सगळ्यांची झाकणं घट्ट लावलेली. "मग गुरुवारी मी कुटं जाऊ?"

मी झाकण घरी नेऊन होतं तिथं ठेवलं.

काल गुरुवारी झाकण गळलं. अण्णा आले. मीही स्टूल ओढून बसलो. अप्पा म्हणाले, "तुला काम आसंल की." मी उठणार, तेवढ्यात अण्णांनी झाकण माझ्या हातात दिलं. "धरा. हलू देऊ नका."

कानस चालू झाली. अप्पा खुर्चीतून पुढं वाकले. "अरे, वाकडं धरलंस की. इकडं बघ, असं..." आणि त्यांनी माझा अंगठा धरून नीट बसवला.

मी सरळ धरलं. ते मागं टेकले.

थोड्या वेळानं मी ते पुन्हा जरा वाकडं केलं. अण्णांनी बघितलं, कानस थांबवली आणि अप्पांकडं मान वळवली.