वोर्कूच्या तीन गोळ्या

वोर्कूच्या मुलीचं, मुलुनेशचं लग्न ठरलं, त्याच वर्षी आमच्या डोंगरावर डोळ्यांतल्या खुपऱ्यांवरच्या गोळ्या पहिल्यांदा आल्या. वोर्कूचे डोळे तेव्हा रोज सकाळी चिकटलेले असत. पापण्यांचे केस आत वळून बुबुळांना टोचत. बायको येशालेम ते चिमट्यानं उपटायची आणि तो बोंबलायचा.

गोळ्या किती द्यायच्या हे उंचीवर ठरे. रंगीत पट्ट्यांच्या काठीशी उभं राहायचं. येशालेमला चार मिळाल्या. ठेंगणा वोर्कू उभा राहिला तशी आरोग्यसेविका तिगिस्त म्हणाली, "काका, टाचा टेकवा खाली. हां, तीन."

"हिला चार नि मला तीन? घरचा कर्ता कोण?"

"औषधाला काय कळतंय कर्ता कोण ते! गिळा मुकाट्यानं, नाहीतर दिसायचं बंद होईल."

मागं शाळेची पोरं तीन-तीन गोळ्या घेऊन फिदीफिदी हसत होती. वोर्कू गोळ्या न गिळता तसाच घरी गेला.

"अहो, व्याही यायचेत," येशालेम म्हणाली. "चाचपडत भेटणार का त्यांना?"

"मला सगळं दिसतं!"

व्याही आले त्या सकाळी चिपडांनी डोळे उघडेनात. अंगणात नुसत्या पांढऱ्या शाली हलत होत्या. वोर्कूनं पुढं होऊन पहिल्या शालीला मिठी मारली, गालाला गाल लावले. "बरे आहात ना? गुरं बरी? पोरं बरी? हे घर तुमचंच समजा!"

पण त्या शालीत शेजारचा देसाले होता. मधाच्या पोळ्यांवरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. खरा व्याही दारातच अवघडून उभा.

"अरे, मी भांडायला आलोय," देसाले म्हणाला. "तुझा बैल शिरलाय माझ्या सातूत."

"मग रडतोस कशाला? गाल ओले लागले तुझे."

"रडतोय कुठं? खुपऱ्या आहेत. ती पोरगी मलाही तीनच देत होती, म्हणून नाही घेतल्या."

व्याही खो खो हसत सुटला. "आधी डोळे बघा, बाबांनो. मला काय, सावकाश मिठी मारा!"

येशालेमनं दोघांना दंडाला धरून तिगिस्तपुढं उभं केलं. दोघांनी तीन-तीन गोळ्या गिळल्या. परतताना कोण जास्त बुटका, यावर वाटभर वाद चालला. बैलाचं नाव कुणीच काढलं नाही. लग्न उरकल्यावर दोघं मिळूनच पापण्यांचं ऑपरेशन करून आले.

मुलुनेशला दुसरं मूल झालं त्या वर्षी, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात, देसाले वारला. वोर्कू त्यानंतर दोन पावसाळे जगला आणि सुगीच्या तोंडावर गेला. शेवटपर्यंत त्याला स्वच्छ दिसत होतं.