अप्पा करार वाचतात

कंप्यूटरवर नवीन प्रोग्रॅम घालताना एक लांबलचक करार समोर येतो. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो धारवाडजवळच्या रायापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. नुसता वाचला नाही. नऊ दिवस वाचला. लांब वहीत उतरवून घेतला, तांबड्या शाईनं खुणा केल्या आणि तीन कलमांना लेखी हरकत घेतली.

गोविंदअप्पा त्यांचं नाव. सगळी गल्ली नुसतं ‘अप्पा’ म्हणायची. धारवाडच्या दस्त नोंदणीच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला. घर विकणारे, शेत घेणारे, वाटण्या करणारे भाऊ, सगळे त्यांच्या टेबलासमोरून गेले. न वाचता अंगठा उठवणारी माणसं त्यांनी इतकी बघितली, की छापील कागद बघितला की त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा. मराठी माणसाला ‘वाचलात?’ आणि कानडी माणसाला ‘ओदीरेनु?’

ह्या प्रश्नातून कुणाची सुटका नव्हती. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर जो घडीचा कागद येतो, तो ते आजाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. ‘चक्कर, मळमळ, अंगावर पुरळ, क्वचित झटके’ एवढं ऐकल्यावर आमच्या हिचा खोकला औषध न घेताच थांबला. लग्नपत्रिका आली की मुहूर्त सगळे बघतात. अप्पा खालची छापखान्याची ओळसुद्धा वाचायचे. मी विमा कंपनीच्या कचेरीत कारकून. एकदा सहज म्हणाले, ‘तुमची स्वतःची पॉलिसी वाचलात?’ मी हसलो. लोकांना पॉलिसी देणं हा माझा धंदा, वाचायची काय? त्यांनी मागून नेली आणि संध्याकाळी परत आणून दिली. ‘वारसदार म्हणून तुमच्या वडिलांचं नाव आहे अजून,’ म्हणाले. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या रात्री हिनं मला ज्या नजरेनं जेवायला वाढलं, ती मी विसरलेलो नाही.

काकू फार पूर्वी गेल्या. घरात अप्पा आणि मुलगी सुनंदा, दोघंच. सुनंदा सासरी दीड वर्ष काढून परत आली होती. का आली ते गल्लीला आपापल्या परीनं माहीत होतं. खरं काय ते फक्त त्या दोघांना माहीत, आणि त्याबद्दल ते दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. पोरगी मुळात बडबडी. लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षा दिलेली, बसनं एकटी हुबळीला जाऊन यायची. परत आल्यावर मात्र उंबरा ओलांडेना. बसमध्ये कुणीतरी ओळखीचं भेटणार आणि ‘काय गं, कधी आलीस? कधी जायचीस?’ विचारणार. फोन वाजला तरी उचलायची नाही.

अशात हुबळीत केशवापूरच्या एका शाळेत कचेरीतली जागा निघाली. टायपिंग हवं, पण कंप्यूटरवर. पत्र टाईप करायचं, तक्ता आखायचा, समोर बसून परीक्षा. अर्ज अप्पांनीच भरला. शिकायला क्लासला जा म्हटलं असतं तर ती गेली नसती, म्हणून त्यांनी कंप्यूटरच घरी आणला. परीक्षेला तीन आठवडे होते. पोरीला घराबाहेर काढायची ही एक संधी आहे, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण कंप्यूटरसाठी त्यांनी काकूंचं शिवणयंत्र ज्या खिडकीत होतं, ती खिडकी मोकळी केली, तेव्हा मला समजलं.

मशीन जोडून द्यायला मंजुनाथ आला. रायापूर ते हुबळी, अर्ध्या घरांत त्यानंच कंप्यूटर बसवलेले. सगळं जोडलं आणि खिशातून एक सीडी काढली. तिच्यावर स्केचपेननं काहीतरी लिहिलेलं.

‘हे काय?’

‘ऑफिस हो अप्पार. पत्र, तक्ता, सगळं हाय ह्यात. फ्री घालून देतो.’

‘ह्याचा दस्त कुठाय?’

मंजुनाथनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. चोरीचा माल घरात येणार नाही, असं अप्पांनी कानडीत आणि मराठीत दोनदा सांगितलं आणि कंपनीची खरी, विकतची पेटी मागवली. मंजुनाथच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या उभ्या आयुष्यात कुणी ती मागितलेली नव्हती. बेंगळूरहून आली. ती आली तेव्हा दोन्ही हातांत धरून त्यानं ती अशी आणली, की आत गणपती आहे असं वाटावं.

पहिली अडचण पेटी उघडण्यापूर्वीच आली. आतलं पाकीट फोडलं की करार मान्य केला असं समजण्यात येईल, असं वर बारीक अक्षरांत छापलेलं होतं आणि करार पाकिटाच्या आत होता.

‘आमच्या कचेरीत असा दस्त आणला असता तर साहेबानं माणसासकट हाकलून दिला असता,’ अप्पा म्हणाले. एक अख्खी संध्याकाळ पाकीट टेबलावर तसंच पडून राहिलं. शेवटी ‘हरकत राखून फोडत आहे’ असं वहीत लिहून, तारीख घालून त्यांनी ते फोडलं.

मग पंचवीस अक्षरांचा तो परवलीचा नंबर. मग वापरणाऱ्याचं नाव. मग करार. लहानशा चौकटीत तो भलामोठा करार, आणि खाली ‘मला मान्य आहे’ म्हणून एक रिकामा चौकोन. त्यात खूण केल्याशिवाय पुढचं बटण राखाडीच्या राखाडी.

‘करा की क्लिक, अप्पार,’ मंजुनाथ म्हणाला. ‘यारू ओदंगिल्ल री इदन्न!’ हे कोणी वाचत नाही हो.

‘ना ओदतेनि,’ अप्पा म्हणाले. मी वाचतो. आणि चष्मा पुसायला घेतला.

मंजुनाथ दीड तास बसला, मग गेला. दुसऱ्या दिवशी आला, गेला. तिसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला. त्यात आमच्याकडची वीज. अप्पा चौथ्या कलमावर आले की वीज जायची, आणि आली की पुन्हा पंचवीस अक्षरांपासून सुरुवात. आठवडा संपेपर्यंत ती अक्षरं त्यांना इतकी पाठ झाली, की सकाळी अंघोळ करताना स्तोत्राच्या चालीत म्हणायला लागले. मलाही निम्मी यायची.

मी कचेरीतून आलो की कुंपणावरून हाक यायची. ‘ऐकलात? वस्तू आहे तशी देणार, वापरून नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही म्हणायलेत! म्हैस विकणारासुद्धा एवढं बोलत नाही हो.’ दुसऱ्या दिवशी, ‘लिहून देणाराचं नाव आहे, गाव नाही, सही नाही. साक्षीदार एकही नाही!’ त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. रजिस्टर पोस्टानं. पोचपावती आली, उत्तर अजून यायचं आहे.

इकडं सुनंदा काय करायची? प्रोग्रॅम नाही म्हणून, वीज असो नसो, बंद कीबोर्डवर बोटं चालवत बसायची. टकटक टकटक. आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. नवव्या दिवशी, गुरुवारी, ते टकटक पण थांबलं. ही म्हणाली, ‘अहो, ती परीक्षेला जाणार नाही म्हणायलीय. काही येत नाही तर जाऊन काय करू म्हणते. तुम्ही बोला की अप्पांशी.’

मी तावातावानं गेलो. अप्पा वही घेऊन बसले होते. म्हटलं, ‘अप्पा, पुरे झालं. सोमवारी परीक्षा आहे पोरीची. एक खूण करायची, त्यासाठी नऊ दिवस? सगळं जग न वाचता खूण करतंय. कुणाचं काय वाईट झालं?’

अप्पांनी पेन खाली ठेवलं.

‘हजारो दस्त वाचले मी,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्यांचे. माझ्या घरात एकच कागद आला, त्याच्यावर तशीच सही केली.’

मला कळेना.

‘याद्यांचा. नंदूच्या लग्नाच्या याद्या. मोठी माणसं आली होती, परतीची गाडी गाठायची होती त्यांना. कुणी काय करायचं, मानपान काय, सगळं लिहून आणलेलं. मी म्हटलं, एवढी चांगली माणसं, त्यात वाचायचं काय? केली सही. नंदू आत चहा करायली होती. पाच पावलं असतील. तुला पसंत आहे का गं, एवढं विचारायला उठलो नाही मी. जन्मभर परक्या माणसांना विचारलं हो.’

मी जो तावातावानं गेलो होतो, तो तसाच बसून राहिलो. मी उठलो तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, ‘उद्या संध्याकाळी दोघं या. साक्षीदार लागतील.’

साक्षीदार म्हटल्यावर हिनं इस्त्रीची साडी नेसली. शुक्रवारी सहा वाजता आम्ही हजर. अप्पांनी मशीन सुरू केलं, पंचवीस अक्षरं न बघता घातली. मग नावाची चौकट आली. तिथं त्यांनी ‘सुनंदा’ असं टाईप केलं. करार आला आणि अप्पा खुर्चीवरून उठले.

‘नंदू, ये. बस इथं.’

‘मी?’ ती दारातूनच म्हणाली.

‘नाव तुझं आहे. लिहून घेणारी तू. मला मान्य असून काय करायचंय?’

ती येऊन बसली. अप्पा ताठ उभे राहिले आणि कचेरीतल्या आवाजात त्यांनी सुरुवात केली, ‘मजकूर समजला का? राजीखुशीनं करता का? कुणाची जबरदस्ती...’ आणि तिथंच तो आवाज त्यांनी सोडून दिला. मग साध्या, घरातल्या आवाजात म्हणाले, ‘तुला मान्य आहे का गं?’

सुनंदानं माउसवर हात ठेवला होता. तो तिनं काढून घेतला.

‘थांबा अप्पा. मी वाचते आधी.’

मी कपाळाला हात लावणार होतो. पण अप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो हात तसाच खाली घेतला.

‘वहीत उतरवलंय मी, ती घे,’ अप्पा म्हणाले.

‘नको. इथलंच वाचते.’

तासभर वाचत होती. हिनं दोनदा चहा केला. वीज गेली नाही, ही त्या दिवशीची खरी कमाल. अप्पा तिच्या मागं उभे होते. बसले नाहीत, काही समजावून सांगितलं नाही, एकदासुद्धा घाई केली नाही.

‘हे नाही पटलं मला,’ शेवटी ती म्हणाली. ‘बिघडलं तर ह्यांच्यावर काहीच नाही म्हणायलेत.’

‘मलापण नाही पटलं.’

‘मग?’

‘मग नको करूस. पेटी परत करतो.’

फोडलेली पेटी कोण परत घेणार होतं?

‘आणि सोमवारी?’

‘दुसरी परीक्षा येईल. तुला पटलं नसताना हो म्हणायचं नाही. माझ्यासाठी तर नाहीच नाही.’

सुनंदा खुर्चीत वळून त्यांच्याकडे बघत राहिली. ही पदरानं डोळे पुसायला लागली आणि मी उगीच पेटीवरचा मजकूर वाचायला घेतला.

‘राहू दे की अप्पा,’ ती म्हणाली. ‘तेवढं चालतंय मला.’ आणि हसली. परत आल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. मग तिनं खूण केली, आणि नऊ दिवस राखाडी असलेलं ते बटण काळं झालं.

ती परीक्षेला गेली, पास झाली आणि शाळेत लागलीही, हे सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. पण माझ्या लक्षात राहिली आहे ती मधली शनिवारची सकाळ.

प्रोग्रॅम घातला तरी तो कंपनीकडे फोन करून पक्का करून घ्यावा लागतो. नाहीतर पन्नास वेळा उघडल्यावर कुलूप. पडद्यावर आकड्यांचे नऊ गट येतात, ते फोनवर सांगायचे, मग पलीकडचा माणूस आकडे सांगतो, ते आपण घालायचे. असलं काम अप्पांच्या आवडीचं. मला वाटलं फोनला चिकटून बसले असतील. तर हे आमच्या दारात.

‘अहो, फोन करायचा होता ना आज?’

‘नंदू करायलीय.’

‘मग तुम्ही इथं काय करताय?’

‘मी तिथं असलो तर मधे मधे बोलेन,’ अप्पा म्हणाले आणि आमच्या पायरीवर बसले. ‘तिचं तिला करू दे.’

ही चहा घेऊन आली. अप्पांनी कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. भिंतीपलीकडच्या खिडकीतून सुनंदाचा आवाज यायला लागला. कुणा परक्या माणसाला ती सहा सहा आकडे सांगत होती. मधेच म्हणाली, ‘नाही हो, सात म्हटलं मी. नीट लिहून घ्या की.’

अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी काही बोलू नये म्हणून. चहावर साय आली तरी तो हात त्यांनी काढला नाही.