ग आणि द

डिसेंबरच्या तीन तारखेला सकाळी गिस्लँने गाडी सुरू केली आणि समोर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखं चित्र, मधोमध उद्गारचिन्ह. खाली चार आकडे. तीन चाकांत पस्तीस पौंड हवा, पुढच्या उजव्यात सव्वीस.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला गाडीनं हवेबद्दल शिकवावं, हा गिस्लँला सरळ अपमान वाटला. तो उतरला. बाहेर शून्याखाली बावीस. शेजारी दामियाँची गाडी नुकतीच येऊन उभी राहिली होती, तिच्या बॉनेटवरून अजून वाफ निघत होती. त्या गाडीकडे पाठ करून गिस्लँ बर्फात गुडघ्यावर बसला आणि चाकाला मीटर लावलं. पस्तीस. पुन्हा लावलं. पस्तीस.

"खोटारडी!" तो गाडीला म्हणाला. हल्ली दिवसभरात तो एवढंच कुणाशी तरी बोलत असे.

अल्मा गावातली ही दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी होती. एका बाजूला गिस्लँ, एकटा. दुसऱ्या बाजूला त्याची बहीण मारिएत आणि तिचा नवरा दामियाँ. अंगण एक, शेड एक, बर्फ उपसायचं फावडं एक. गाड्यासुद्धा एकसारख्या, राखाडी, मारिएतनंच दोघांना एकाच दिवशी घ्यायला लावलेल्या. ऑगस्टमध्ये मारिएत गेली आणि फावडं सोडून बाकी सगळ्याची वाटणी झाली.

भांडणाचं कारण छापील होतं. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातमीत लिहिलं होतं : मागे पती दामियाँ, पुतणी सोलांज, लाडकं मांजर पितू आणि भाऊ गिस्लँ.

अंत्यविधीनंतरच्या जेवणात गिस्लँने विचारलं होतं, "मी मांजराच्या खाली?"

दामियाँच्या तोंडात अंड्याचं सँडविच होतं. तो घास गिळून म्हणाला, "मांजर घरात राहायचं."

त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. फावडं भिंतीला टेकवलेलं असे, ज्याला लागेल तो घेई आणि जिथल्या तिथे ठेवी.

एक डिसेंबरपासून हिवाळी चाकं लावणं कायद्यानं सक्तीचं. इतकी वर्षं शेडच्या दारात उभं राहून मारिएत बोट दाखवायची, 'ही तुझी, ती त्याची.' या वेळी बोट दाखवायला ती नव्हती. पण एप्रिलमध्ये, आजार अंगात असतानाच, तिनं काढून ठेवलेल्या आठही चाकांवर खडूनं अक्षरं लिहिली होती. चारांवर 'ग', चारांवर 'द'.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दामियाँ घरात नाही असं बघून, गिस्लँ शेडमध्ये गेला. अक्षरं पाहून त्याला भरून आलं. फ्रेंचमध्ये गोश म्हणजे डावं, द्रुआत म्हणजे उजवं, हे अल्मात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. एवढी आजारी बाई, पण कुठलं चाक कुठल्या बाजूचं हे लिहून गेली! त्यानं दोन 'ग' डावीकडे लावली, दोन 'द' उजवीकडे, आणि उरलेली दोन-दोन मेहुण्यासाठी ठेवली. रविवारी पडद्याआडून त्यानं पाहिलं, दामियाँनंही तसंच केलं.

आणि आता हा दिवा. त्याची तऱ्हाही विचित्र. घरी असताना उजवं चाक आजारी, कधी पंचवीस, कधी चोवीस. गाडी वीस मिनिटं गावात फिरली की दोन आकडे साफ बेपत्ता, त्यांच्या जागी नुसत्या रेघा, आणि दिवा डोळे मिचकावू लागे. घरी परत आलं की कधी कधी आजार पुन्हा हजर.

शेवटी एका बुधवारी सकाळी गिस्लँ गॅरेजात गेला. गॅरेज ओदेतचं. पन्नाशीची बाई, हाताला सतत ग्रीस आणि तोंडाला सतत काम.

"या बसवाले! मुलं कुठे सोडलीत?"

"सेन्सर बिघडलाय," गिस्लँ म्हणाला.

ओदेतनं चारही चाकं तपासली. "डावीकडे तीस, थंडीनं उतरलीय. उजवीकडे दोन्हींत पस्तीस. तंतोतंत. उजवीवर भारी प्रेम दिसतंय तुमचं."

"मी कुणात भेदभाव करत नाही. भरलीच नाहीये या महिन्यात."

ओदेत त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं हातात मावणारं एक यंत्र प्रत्येक चाकाजवळ धरलं. ते टीं टीं वाजलं.

"डावीकडची दोन तुमची. उजवीकडची दोन कुणाची?"

"म्हणजे?"

"प्रत्येक चाकात एक सेन्सर असतो, त्याचा नंबर गाडीला पाठ असतो. तुमच्या गाडीला आपली चारच ठाऊक. त्यांतली दोन इथं आहेत, दोन दुसऱ्या कुठल्या तरी गाडीखाली फिरताहेत. चाक फिरलं किंवा हवा भरली की सेन्सर बोलायला लागतो, थांबल्यावरही थोडा वेळ बडबडतो. जवळ असला की तुमची गाडी ते ऐकते आणि आपलंच दुखणं समजून रडते."

गिस्लँ स्टुलावर बसला. ग म्हणजे गोश नव्हे. ग म्हणजे गिस्लँ. द म्हणजे दामियाँ. मारिएतनं बाजू नव्हत्या लिहिल्या, माणसं लिहिली होती.

"दोन्ही गाड्या एकदम आणा," ओदेत म्हणाली. "अर्ध्या तासात ज्याची त्याला."

"ते जमणार नाही."

"का? एकाच अंगणात तर असतात."

"म्हणूनच," गिस्लँ म्हणाला.

तो घरी आला, तेव्हा दामियाँही नुकताच बेकरीतून आला होता. गिस्लँच्या गाडीत आकडा लागला, एकवीस. आता त्याला ठाऊक होतं, हे दामियाँच्या पुढच्या डाव्या चाकाचं दुखणं आहे. आणि दामियाँच्या गाडीला त्याचा पत्ताच नव्हता, कारण तिला ते चाक ओळखीचंच नव्हतं. बरं, मीटरवरचे बारीक आकडे दामियाँला चष्मा लावूनही दिसत नसत. आणि उद्या गुरुवार. उद्या दामियाँ हृदयाच्या डॉक्टरकडे क्वेबेक शहरात जाणार होता, जंगलातल्या दोनशे किलोमीटरच्या रस्त्यानं, जिथे फोन लागत नाही आणि थांबायला ठिकाण नाही. शून्याखाली चौतीस सांगितलं होतं. मारिएतच्या मागे गिस्लँचं म्हणावं असं एवढंच माणूस उरलं होतं, आणि ते उद्या एकवीस पौंडांवर निघणार होतं.

त्यानं चिठ्ठी लिहिली : 'तुझ्या डाव्या चाकात हवा कमी आहे.' सही करायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. काय लिहायचं, मांजराच्या खालचा? त्यानं चिठ्ठी फाडली.

बुधवारी दुपारी दोनला दामियाँ चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला चालत जाई. तो कोपऱ्यावर वळला, तसा गिस्लँ पायपंप घेऊन बाहेर आला. विजेचा पंप होता, पण तो सगळ्या गल्लीला उठवतो. सहासष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी त्यानं शंभर वेळा पंप दाबला, प्रत्येक दाबाला एक शिवी. त्यांतल्या निम्म्या मांजराला होत्या. पस्तीस झाली तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फ धरला होता.

गुरुवारी सूर्य चारला मावळला, तेव्हा तो वाटाण्याच्या सुपाचा डबा समोर घेऊन खिडकीशी बसला होता. डबा दोघांना पुरेल एवढा असतो, एकट्यासाठी कुणी बनवतच नाही. साडेचारला अंगणात दिवे वळले. गिस्लँ कोट न घालताच बाहेर गेला, आपल्या गाडीत बसला आणि किल्ली फिरवली. चौतीस. मग घरात येऊन थंड सूप त्यानं तसंच प्यायलं.

चाक हळूहळू गळत होतं, म्हणून दर बुधवारी पंप. नाताळ गेला. मांस भरून भाजलेली 'मीट-पाय' त्यानं एकट्यानं अर्धी खाल्ली, अर्धी टाकली. भिंतीपलीकडेही अर्धीच टाकली असणार, ही खात्री हाच त्याचा सण.

जानेवारीतल्या एका दुपारी सूप ढवळताना त्याची नजर बाहेर गेली. त्याच्या गाडीच्या उजव्या चाकाशी कुणीतरी वाकलं होतं. लाल टोपी. दामियाँ!

गिस्लँ डाव हातात घेऊनच धावला. "माझ्या गाडीची हवा काढतोस?"

दामियाँ दचकून बर्फात बसला. "काढतोय कुठे! भरतोय!"

"भरतोयस?"

"डिसेंबरपासून दर सोमवारी, तू औषधं आणायला चालत जातोस तेव्हा. आज उशीर झाला. तुझी चाकं थंडीनं बसली की माझ्या गाडीत दिवा लागतो. मीटर मला दिसत नाही, पण गाडीतला आकडा चांगला मोठा असतो. पंप मारायचा, जाऊन बघायचं, परत मारायचा."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"ओदेतनं. तू गेलास त्याच्या आदल्याच सोमवारी."

गिस्लँने डाव खाली केली. "बाई एका शब्दानं बोलली नाही!"

"म्हणाली, 'दोन्ही गाड्या एकदम आणा.' मी म्हटलं, जमणार नाही." दामियाँनं टोपी सारखी केली. "एक मात्र कोडं होतं. माझी डावीकडची बसत कशी नाहीत? मला वाटलं, मारिएत बघतेय."

"मारिएत? ती पंप कुठून आणणार?"

"तेच म्हणतो." दामियाँ उठेना. बर्फ पँटमधून आत जात असणार. "ती पेपरातली यादी," तो चाकाकडे बघत म्हणाला. "तिनंच लिहून ठेवली होती. स्वतःच्या हातानं. मी म्हटलं, अगं, भाऊ मांजराच्या नंतर? तर म्हणाली, असू दे. तो चिडेल. चिडलेला असला की त्याला रडायचं सुचत नाही. निदान हिवाळा निघेल."

आतून सूप करपल्याचा वास आला.

"मग ऑगस्टमध्येच सांगायचं होतंस!" गिस्लँ म्हणाला.

"तू विचारलंस कुठे? आणि मीही चिडलो होतो. मला तेच सोपं पडलं."

गिस्लँने हात पुढे केला. दामियाँ त्याला धरून उठला, जमेल तेवढा जड होऊन.

"ओदेतकडे जायचं का?" दामियाँनं विचारलं. "अर्ध्या तासाचं काम."

गिस्लँने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. खडू केव्हाच पुसला गेला होता. "एप्रिलमध्ये बघू. चाकं उतरवायचीच आहेत."

"हो. उगाच कशाला."

दामियाँ बेकरीत जाऊन आला, तेव्हा गिस्लँने गाडीत बसून किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला. त्यानं काच खाली केली.

"मेहुण्या! तुझं चाक बसतंय! पंचवीस!"

"मग भर की!" पलीकडून आवाज आला. "आणि सूप दोघांचं कर!"