कोहळ्याच्या देठाची बखर

श्री. लेखणी धरणाऱ्या थरथरत्या हातास प्रथम नमस्कार, मग वाचणारास नमस्कार. वाचणाराची प्रकृती नीट असो, त्याचा वैद्य जागा असो, आणि त्याच्या आप्तेष्टांस काही काळ काहीही न पाठविण्याची बुद्धी होवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका राज्यात जे वर्तमान जाहले, ते या लेखकाने पाहिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथेच राहावयाचे आहे. लेखक थोर नव्हे. पोथीशाळेत छत्तीस वर्षे लोकांस पुस्तके दिली आणि परत घेतली, इतकीच योग्यता. लिहिण्यात चूक निघाल्यास ती लेखकाची समजावी. बरोबर निघाल्यास योगायोग समजावा.

तर ते राज्य चार बुरुजांचे, दर बुरुजास सात मजले, वेशीवर वर्दीतला शिपाई, आणि आत एकशेबारा घरे. दरबार पूर्वी गच्चीवर भरे, पुढे कोणास जिने चढवेनात, आणि मग प्रत्येकाच्या हाती मोबाईल नामे चौकोनी काच आली, तेव्हापासून दरबार काचेतच अष्टौप्रहर भरू लागला. दरबाराचे धनी रंगराव. कोणासही दरबारात घेण्याचा वा काढण्याचा अधिकार त्यांचा होता, परंतु काढण्याचा अधिकार त्यांनी कधी वापरला नाही, कारण काढलेला माणूस लिफ्टमध्ये भेटतो. रीत ऐसी होती की सकाळी फुलांची चित्रे यावी, मग सुविचार यावे, मग औषधे यावी, आणि जे येईल त्यास प्रत्येकाने हात जोडल्याचे चिन्ह पाठवावे. वाचले काय, हे कोणी कोणास विचारीत नसे. ते असभ्य समजत. परंतु जो हात जोडीत नसे तो गर्विष्ठ ठरे, अथवा त्याची तब्येत विचारण्यास माणूस जाई.

ऐशा राज्यात धुंडिराजपंत नामे सरदार होते. माणूस लाखातला. कोणाची रात्रीची गाडी असो, पंत आपली मोटार घेऊन उभे. कोणास रक्त हवे, पंत बाही वर करून हजर. त्यांस एक खलिता आला आणि त्यांनी तो दरबारी दाखल केला. मजकूर येणेप्रमाणे: “डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. कोहळ्याच्या देठाचे सात तुकडे उकळून ते पाणी एकवीस दिवस पूर्वेकडे तोंड करून प्या. साखरेचा आजार मुळासकट जातो. गोळ्या त्याच दिवशी बंद करा, नाहीतर देठाचा गुण येत नाही. परदेशातील मोठ्या विद्यापीठाने मान्य केले आहे. अकरा जणांना पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.” विद्यापीठाचे नाव दिले नव्हते, बहुधा विनयाने.

या लेखकाने तो खलिता तीन वेळा वाचला, कारण त्यास वाचण्यावाचून दुसरे काही येत नाही. मग कपाटातून दोन जाड ग्रंथ काढले आणि पाहिले, आणि देठ कोठे सापडला नाही, आणि गोळ्या अचानक बंद केल्यास काय होते ते मात्र पानभर सापडले. मग लिहिले, “हे खरे वाटत नाही.” मग वाटले, आपण वैद्य नव्हे, पुसले. मग लिहिले, “कृपया डॉक्टरांना विचारावे.” मग वाटले, पंतांनी गेल्या वर्षी आपणांस मोतीबिंदूसाठी नेले आणि आणले, त्यांस भर दरबारात खोटे पाडावे काय, पुसले. ऐसे अकरा वेळा लिहिले आणि अकरा वेळा पुसले. एव्हाना चौपन्न जणांनी हात जोडले होते. मग या लेखकानेही हात जोडले, आणि काच उलटी ठेवून चहा केला.

पुढे राज्यात देठाची मोहीम सुरू जाहली. पूर्व दिशा कोणती यावरून तिसऱ्या बुरुजात दोन तट पडले. भाजीवाला देठ आधी कापून ठेवू लागला आणि बिनदेठाचा कोहळा कोणी घेईना. रंगरावांस एकाने भीत भीत विचारले, “साहेब, ही असली औषधं दरबारात चालू द्यायची का?” रंगराव म्हणाले, “अरे, खरं असेल तर एखादा वाचेल. खोटं असेल तर काय बिघडलं? देठच आहे.” हे शब्द राज्यात कायद्यासारखे जाहले, आणि इतका स्वस्त कायदा कोणास मोडवेना.

लेखकाच्या समोरच्या घरी द्वारकाबाई राहत. लेखकाचा बालमित्र कैलासवासी जाहला, त्याची ही पत्नी. वय सदुसष्ट, साखरेचा आजार चौदा वर्षांचा, दर गुरुवारी आमटीची वाटी लेखकाच्या दारी येई आणि बदल्यात एक पुस्तक जाई. त्या गुरुवारी आमटी आली तेव्हा त्यांच्या पिशवीत कोहळा होता.

लेखक म्हणाला, “वहिनी, गोळ्या चालू आहेत ना?”

“छे हो भाऊजी. दोन्ही मिळून चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय.”

“डॉक्टरीणबाईंना विचारलंत?”

“ती माझ्याकडे बघते कुठे, ती कॉम्प्युटरकडे बघते. चार मिनिटं. पंतांनी मला ते वेगळं पाठवलं, खाली लिहिलं, वहिनी, तुमच्यासाठी आठवणीने. चौदा वर्षांत कोणत्या गोळीवर असं लिहून आलं होतं?”

लेखकास उत्तर ठाऊक होते. मग तो म्हणाला, “आमटी छान झालीय.” न चाखता म्हणाला.

देठाच्या तेराव्या दिवशी दूधवाल्याने द्वारकाबाईंची घंटा वाजविली आणि दार उघडेना. शिपायाने किल्ली आणली. द्वारकाबाई स्वयंपाकघरात भिंतीस टेकून बसल्या होत्या, जीभ कोरडी, शब्द अडखळत, ओट्यावर देठाचे सात तुकडे. धुंडिराजपंतच मोटार घेऊन धावले आणि त्यांनीच उचलून इस्पितळात नेले. साखर पाचशे ऐंशी निघाली. दोन दिवस त्या शुद्धीच्या काठावर होत्या, आणि डॉक्टरीणबाई, जी वयाने लेखकाच्या नातीएवढी, बाहेर येऊन म्हणाली, “आजोबा, अजून एक दिवस गेला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?”

पंत भिंतीकडे पाहू लागले. लेखक जमिनीकडे पाहू लागला.

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी डोळे नीट उघडले. पंत म्हणाले, “वहिनी, मला माफ करा. मी तो खलिता पुरता वाचलाही नव्हता. लांब होता, म्हणून खरा वाटला.”

“तुम्ही कशाला रडता? तुमच्यावर कुठे विश्वास ठेवला मी? तुम्ही तर मागे काकडीने टक्कल जातं म्हणून पाठवलं होतंत, आणि स्वतःचं डोकं बघा.” मग त्या लेखकाकडे वळल्या. “मी खाली खाली बघत गेले, भाऊजी. चौपन्न हात होते. त्यांचं काय, त्यांनी वाढदिवसालाही जोडले असते. मी तुमचे हात शोधत होते. तुम्ही पुस्तकं वाचलेले. तुमचे दिसले, आणि मग मी देठ उकळायला ठेवला.”

लेखक म्हणाला, “मला ते खोटं आहे हे ठाऊक होतं, वहिनी.”

त्या म्हणाल्या, “मग आमटीची तारीफ कसली करत होतात?”

घरी येऊन लेखकाने दरबारी लिहिले. चार पाने लिहिली, ग्रंथांची नावे दिली, पृष्ठांक दिले, आपण खोटे जाणूनही हात जोडले हेही लिहिले, आणि या वेळी पुसले नाही. दरबाराने ते पाहिले. एकसष्ट जणांनी हात जोडले. एकाने वर लिहिले, “खूप उपयुक्त माहिती,” आणि त्याखाली लगेच कारल्याच्या बियांचा खलिता पाठविला. लेखकास प्रथम क्रोध आला, मग आपले चौपन्नांत मिसळलेले हात आठवले आणि क्रोध उतरला.

आश्विनात द्वारकाबाई घरी आल्या. गोळ्यांची डबी त्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेविली. आणि त्याच आठवड्यात तोच देठाचा खलिता दुसऱ्या कोणा राज्यातून फिरत परत आला, आणि शेवटी नवी ओळ होती: “सदुसष्ट वर्षांच्या एका बाईंची साखर पाचशे ऐंशी होती, देठाने तीन दिवसांत उतरली.” लेखकाने काच उचलली. परंतु त्याच्या आधी दरबारात द्वारकाबाईंचा आवाज उमटला, अर्ध्या पळाचा. “ती बाई मी. देठाने चढली आणि इंजेक्शनने उतरली. ज्याला प्यायचंय त्याने आधी मला येऊन बघून जावं. हात जोडू नका.”

दरबार तीन तास गप्प राहिला. ऐसे त्या राज्यात पूर्वी जाहले नव्हते. मग बत्तीस जणांनी हात जोडले. धुंडिराजपंतांनी जोडले नाहीत. ते पायीच चार बुरुज हिंडून घरोघर खलिता पुसावयास सांगून आले, आणि सात घरी त्यांस चहा मिळाला आणि दोन घरी नवा खलिता.

येणेप्रमाणे कोहळ्याच्या देठाची हकीकत. या राज्यात दुष्ट कोणी नव्हता, हे लिहून ठेवणे अवश्य आहे. ज्याने पाठविले त्याने मायेने पाठविले, जी प्याली ती मायेपोटी प्याली, आणि ज्यास ठाऊक होते त्याने सभ्यपणे हात जोडले. तिघांत अधिक अपराधी कोण, हे वाचणाराने ठरवावे, लेखकाने आपल्यापुरते ठरविले आहे. सांप्रत द्वारकाबाई गुरुवारी आमटीसोबत काच पुढे करतात आणि विचारतात, “हे खरं का हो भाऊजी?” आणि लेखक त्यांच्यादेखत उत्तर लिहितो, “नाही.” पूर्वी अकरा वेळा पुसत असे. आता तीन वेळा पुसतो, आणि मग पाठवितो.